ठणठणाटावरील चौथी स्वारी

वाचणारांचे सेवेसी विदित व्हावे की, निवृत्त निरीक्षकसाहेबांच्या खाशा गाडीत ठणठणाट नामे गनीम शिरला आणि त्याने तीन स्वाऱ्या अर्ध्या वाटेवरोन माघारी फिरवल्या, आणि मग चौथीत त्याचा पाडाव जाहला, हे वर्तमान गावात दोन तऱ्हांनी सांगितले जाते. साहेबांचे मेव्हणे सांगतात की आपण ग्रीस लावले म्हणोन यश आले. कोपऱ्यावरचे दुकानदार सांगतात की गाडीत काही नव्हतेच, साहेबांचेच कान वाजत होते. दोन्ही बाता होत. सबब आम्ही ज्याच्या त्याच्या घरी जाऊन, दोन दोन वेळा चहा घेऊन, सर्वांच्या जबान्या ताडून पाहिल्या आणि मग हा कागद लिहावयास घेतला. यात पदरचे काही घातले नाही, जे थोडे घातले ते चवीपुरते आहे.

निरीक्षकसाहेबांचा लौकिक थोर. चौतीस वर्षे वजनमापे खात्यात चाकरी केली आणि तराजूचा काटा केसभर हलला तरी दुकानदाराचा घाम काढला. बाजाराच्या तोंडाशी त्यांची स्कूटर वळली की भाजीवाले, वाणी आणि भंगारवाले आपापली वजने फडक्याने पुसू लागत, आणि ज्यांच्या वजनास खालून भोक होते ते दुकान ओढून घेऊन अचानक आजारी पडत. एकदा एका व्यापाऱ्याने संतापून साहेबांच्या अंगावर पाच किलोचे वजन उगारले, तेव्हां साहेबांनी आधी ते त्याच्या हातातून घेतले, तोलून पाहिले, पन्नास ग्रॅम कमी भरल्याचे लिहोन घेतले, आणि मग पोलिसांस बोलावले. आणि नजर तर ऐसी तयार की माणूस दारातून आत येईतो त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आत मनात लिहिले जाई. यजमान म्हणत, या, बसा, आणि साहेब मनात म्हणत, एक्क्याऐंशी.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच महिन्यात साहेबांनी एक जुनी, उंच, चारही चाकांना जोर असलेली गाडी पैदा केली. रंग चिखलाचा, तो ऐसा की चिखल उडाला तरी कळू नये. आत चढावयास पायरी, आणि पायरीवर चढावयास स्टूल. रस्त्यात खड्डा दिसला की इतर गाड्या वळसा घालून जात, ही आत उतरून त्याची विचारपूस करीत असे. साहेब तिजला दर रविवारी स्वहस्ते धूत, आणि टपावर हात जाईना म्हणोन टप भिजलेला तसाच राही.

साहेबांचे कुटुंब, म्हणजे बाईसाहेब, शाळेत भूगोल शिकवीत. एकतीस वर्षे त्यांनी भिंतीवर नकाशा टांगला आणि पट्टीच्या टोकाने मोहरीएवढा एक निळा ठिपका दाखवून सांगितले की, डोंगरमाथ्यावर गोड्या पाण्याचे तळे आहे. एके वर्षी पहिल्या बाकावरील मुलीने विचारले की, बाई, तुम्ही पाहिलंय का ते? बाईसाहेबांस खोटे बोलता येत नाही. त्या नाही म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून तो ठिपका त्यांच्या मनात सलत राहिला. पेपर तपासणे, घरातली आजारपणे, सासूबाईंचे पथ्य यांत तळे राहूनच गेले. मग गेल्या साली त्या स्वतःच आजारी पडल्या, आणि दुखणे ऐसे की दोन महिने दवाखान्यात गेले. त्या दोन महिन्यांत साहेबांनी जगात कोणाचेही वजन मनात लिहिले नाही, एका माणसाचे सोडून. पुढे त्या बऱ्या होऊन घरी आल्या, आणि डॉक्टरांनी हिंडाफिरायची मोकळीक दिली, तेव्हां त्यांनी पहिला हुकूम फर्मावला तो तळ्याचा.

माथ्यापर्यंत बस जात नाही. नऊ वळणांचा घाट, आणि त्यातही वरचा चढ निव्वळ दगडमातीचा, तेथे चारही चाकांना जोर असलेलीच गाडी पाहिजे, आणि ऐसी गाडी दारात उभी. मग साहेबांनी विडा उचलला.

पहिली स्वारी सकाळी सातास निघाली. सरंजामात दोन दोर, एक फावडे, दोन जॅक, कारण एक जॅक बिघडल्यास दुसरा पाहिजे, पाण्याचे दोन डबे, ताडपत्री, औषधांची पेटी, आणि चार माणसांस पुरेल इतके जेवण. दुसऱ्या वळणावर "ठण" ऐसा एकच आवाज आला. साहेबांनी गाडी उभी केली, उतरले, चहूबाजूंनी फिरले, खाली वाकून पाहिले, चारही टायरांस लाथा मारल्या, आणि काही निष्पन्न होईना तेव्हां गाडी वळवून घरी आले. तीन आठवड्यांनी दुसरी स्वारी निघाली, ती पाचव्या वळणापर्यंत पोचली, आणि तेथे दोन ठण व एक घर्र ऐसा मारा जाहला, आणि स्वारी परतली. यानंतर सरंजामात तिसरा जॅक दाखल करण्यात आला.

तिसऱ्या स्वारीत मात्र शर्थ जाहली. सात वळणे निर्वेध गेली, मग आठवे पार पडले, आणि तेथे गनिमाने एकदम उठाव केला. ठण, घर्र, ठण, पुन्हा घर्र, ऐसा नगारा वाजू लागला. वाऱ्याला पाण्याचा वास येत होता. बाईसाहेब म्हणाल्या की एकच वळण राहिलंय, चला. साहेबांनी दरीकडे पाहिले, बाईसाहेबांकडे पाहिले, आणि गाडी वळवली. घरी येऊन बाईसाहेबांनी चार माणसांचा डबा तसाच ओट्यावर ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन बसल्या. साहेब त्या दिवशी दोनदा त्या दारापर्यंत जाऊन परत आले.

दुसरे दिवशी वर्तमानपत्रात खबर आली की, घाटाची वाट पुढल्या सोमवारपासून दोन वर्षे दुरुस्तीसाठी बंद. बाईसाहेबांनी ती कात्रीने कापून साहेबांच्या चष्म्याखाली ठेवली आणि हुकूम फर्मावला की, येत्या रविवारी तळे पाहावयाचे, गाडी वाजो की न वाजो. दोन वर्षांनी गुडघे कसे असतील ते सांगता येत नाही, आणि आपण स्वतः असू की नाही तेही कोणी लिहून दिलेले नाही. हे शेवटले त्या सहज बोलल्या, परंतु साहेबांनी चष्मा लावून ती खबर पुन्हा पहिल्यापासोन वाचली. आता हाती सहा दिवस होते.

साहेबांनी तत्काळ मसलत भरवली. त्या मसलतीस मेव्हणे न बोलावता हजर जाहले. हे बाईसाहेबांचे धाकटे बंधू, मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ पाहोन पाहोन पारंगत जाहलेले. त्यांची स्वतःची गाडी नाही, सबब त्यांचे ज्ञान शुद्ध राहिले आहे. साहेबांनी पुढ्यात आवाजाची वही ठेवली. तीत तारीख, वळण, गियर, वेग, आवाजाचा प्रकार, आणि आवाज कोणत्या अंगाचा, ऐसे रकाने आखलेले होते. मेव्हण्यांनी ती न उघडताच निदान केले की, भाऊजी, हे सस्पेन्शन आहे. मग थोडा विचार करोन म्हणाले की सस्पेन्शन नसेल तर बुश असेल, आणि बुश नसेल तर गाडीचा सांगाडाच कुठे तरी सैल जाहला असेल, आणि काहीही असले तरी इलाज ग्रीस हाच.

मंगळवारी ग्रीसची मोहीम जाहली. मेव्हणे गाडीखाली शिरले आणि जेथे जेथे दोन लोखंडे भेटतात तेथे तेथे ग्रीस भरले, आणि जेथे भेटत नाहीत तेथेही जाताजाता लावले. दरवाजांच्या बिजागरीस लावले, आरशाच्या दांड्यास लावले, आणि शेवटी बाहेर येताना हात टेकला म्हणोन साहेबांच्या आसनासही लागले. मग साहेब त्यावर बसले. एक विजार कामास आली. गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली तो "ठण". मेव्हण्यांनी खुलासा केला की ग्रीस मुरायला वेळ लागतो.

मग बुधवारी साहेबांनी उस्ताद मिस्तरींकडे कूच केले. उस्तादांचे गॅरेज गावाबाहेर, पत्र्याच्या छपराखाली, आणि त्यामागे एक पडीक रान, दगडधोंड्यांचे आणि खाचखळग्यांचे, ते उस्तादांनी मुद्दाम तसेच ठेवलेले. गाडी आली की तिला त्या रानात फिरवावयाची, आणि मग उभी करोन, इंजिन चालू ठेवून, लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक यंत्राला आणि मूठ आपल्या कानाला लावून डोळे मिटावयाचे, ही त्यांची रीत. त्या मुद्रेत ते असता कोणी बोललेले त्यांस खपत नाही. आणि दुसरी रीत त्याहून कडक. गाडीतले सामान गिऱ्हाइकाने स्वतः उतरवून बाजूस ठेवल्याशिवाय उस्ताद गाडीस हात लावीत नाहीत, आणि उतरवलेल्या सामानाकडे पाहतही नाहीत. पूर्वी एकदा त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या सामानात लक्ष घातले होते, त्यातून एक बांगडी निघाली, ती त्याच्या बायकोची नव्हती, आणि पुढे बरेच जाहले. तेव्हांपासून सामान हा गिऱ्हाइकाचा संसार, आपला संबंध नाही, ऐसा त्यांचा कायदा.

साहेबांनी दोर, फावडे, तिन्ही जॅक, डबे, ताडपत्री सारे उतरवले, आणि सर्वांच्या शेवटी एक सागवानी पेटी दोन्ही हातांनी जपून आणली आणि सावलीत ठेवली. मग उस्तादांनी गाडी रानात घातली. उजवीकडून आपटली, डावीकडून आपटली, नाल्यात उतरवली, उलटी वर आणली. चकार शब्द नाही. स्क्रूड्रायव्हर लावून सोळा ठिकाणी कान दिला. मग डोळे उघडून म्हणाले, "साहेब, गाडी गप्प आहे."

साहेबांनी आभार मानले, सामान चढवले, सर्वांच्या शेवटी पेटी ठेवली, आणि फाटकातून बाहेर पडतात तो "ठण". गुरुवारी सकाळी पुन्हा आले, पुन्हा सामान उतरवले, पुन्हा रान, पुन्हा शांतता, पुन्हा फाटक, पुन्हा "ठण". दुपारी आले तेव्हां उस्तादांनी गाडीऐवजी साहेबांस स्टुलावर बसवले, आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून बहुत अदबीने सुचवले की, एकदा कान दाखवून घेतलेले बरे, त्यात कमीपणा काही नाही, आपल्या काकांचेही ऐसेच होते. साहेबांची खप्पामर्जी जाहली. त्यांनी वही उघडून दाखवली की हा आवाज बाईसाहेबांनीही ऐकला आहे, मेव्हण्यांनीही ऐकला आहे, आणि रस्त्याने जाणाऱ्या एका इसमाने थांबून विचारले आहे. उस्ताद खजील जाहले. यापुढे दोघे इरेस पेटले.

शुक्रवारी उस्तादांनी आपला कायदा अर्धा मोडला, म्हणजे सामानाकडे पाठ करोन उभे राहिले, आणि साहेबांनी एकेक जिन्नस गाडीत ठेवावा आणि एकेक फेरी मारावी ऐसे ठरले. साहेबांचा जन्म ज्यात गेला तेच हे काम. त्यांनी यादी केली, प्रत्येक जिन्नसापुढे त्याचे वजन लिहिले, आणि एकेकाची जबानी घेतली. दोर निर्दोष सुटले. फावडे संशयित ठरले, त्यास फडक्यात गुंडाळले, तेही निर्दोष. तीन जॅकांस आधी वेगवेगळे आणि मग समोरासमोर तपासले. दिवस मावळेतो विसावर फेऱ्या जाहल्या आणि अठरा जिन्नस साव ठरले.

येथे आम्हांस एक गोष्ट लिहिणे प्राप्त आहे. यादीत अठरा जिन्नस होते आणि गाडीत एकोणीस चढत असत. सागवानी पेटी यादीत नव्हती. साहेबांनी ती लपवण्याच्या हेतूने गाळली ऐसे कोणी म्हणेल, तर थोडे तसेही होते, ते पुढे येईल. परंतु मुख्य कारण निराळे. त्या पेटीत प्रमाणित वजने होती, खात्याने निरोपादाखल नजर केलेली, प्रत्येकावर छाप मारलेली, आणि चौतीस वर्षांत साहेबांनी तराजूवर संशय घेतला, दुकानदारावर घेतला, एकदा खुद्द आपल्या वरिष्ठावर घेतला, पण प्रमाणित वजनावर घेतला नाही. बाकी सारे जग ज्याने तोलावयाचे तेच खोटे निघेल, हे त्यांच्या मनास शिवणेच शक्य नव्हते.

शनिवार उजाडला. आता मुदत एका दिवसाची. साहेब सकाळपासून गॅरेजात होते, दाढी वाढलेली, सदऱ्यावर काळे डाग, आणि उस्ताद गाडीखाली आडवे होऊन नुसते छताकडे पाहावे तसे इंजिनाच्या तळाकडे पाहत होते. दुपारी तीनाचे सुमारास बाईसाहेब जेवणाचा डबा घेऊन आल्या, मागोमाग मेव्हणे. बाईसाहेबांनी दोघांची दशा पाहिली आणि फर्मावले की सामान जसेच्या तसे भरा, मी बसते, मला एक फेरी मारून दाखवा. साहेबांनी अर्ज केला की रान खडबडीत आहे, तुझ्या अंगाला हिसके बसतील. अर्ज नामंजूर जाहला. मग सामान भरले, पेटीही गेली, बाईसाहेब स्टुलावरोन पायरीवर आणि पायरीवरोन डाव्या आसनावर विराजमान जाहल्या, आणि गाडी रानात शिरली.

पहिल्याच खळग्यात गनीम बोलला. दुसऱ्यात बोलला. बाईसाहेबांनी डोळे मिटले होते. एकतीस वर्षे वर्गाकडे पाठ करोन फळ्यावर लिहिताना कोणत्या बाकावर कोण कुजबुजते ते त्यांस न वळता कळे, त्यापुढे उस्तादांचा स्क्रूड्रायव्हर काहीच नाही.

"अहो, थांबा," बाईसाहेब म्हणाल्या. "हे माझ्या खाली वाजतंय."

"तिथे काही नाही," साहेब म्हणाले.

"काही नाही म्हणजे काय आहे?"

बाईसाहेब खाली उतरल्या, आसनाची कडी काढली, आसन उचलले, तो खाली सागवानी पेटी. त्यांनी झाकण उघडले. आत मखमल लावलेले पाच खण, तीन रिकामे, आणि खणांमधल्या फळ्या निखळून दहा दहा किलोची दोन लोखंडी वजने मोकळी पडलेली. बाईसाहेबांनी पेटी थोडी कलती केली. एक वजन घर्र करीत घसरले आणि दुसऱ्यावर जाऊन आपटले. ठण.

उस्ताद धावत आले आणि पाहोन थबकले. मेव्हण्यांनी तोंड उघडले आणि मिटले, ही त्यांच्या हयातीतील पहिलीच वेळ.

"ही इथे कशाला?" बाईसाहेबांनी विचारले.

साहेबांनी चष्मा काढला. चौतीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या जबान्या घेतल्या होत्या, स्वतःची देण्याची सवय नव्हती. ते गाडीच्या चाकाकडे पाहत बोलू लागले.

"दवाखान्यातून तुला घरी आणलं ना, तेव्हा गाडी माझ्या बाजूला कललीय असं वाटलं. मी त्र्याऐंशी. तू चौपन्न राहिली होतीस. एकोणतीसचा फरक. घाटात दरी तुझ्या बाजूला येते, आणि हलकी बाजू आधी उडते, असं मनात बसलं माझ्या. म्हणून पेटीत एकोणतीस भरून ठेवले. दहाची दोन, पाचाचं एक, दोनाची दोन. गच्च बसली होती."

"मग बाकीची कुठे गेली?"

"तू भरत गेलीस तशी काढली. आधी दोनाचं एक. मग दोनाचं दुसरं. मग त्या तिसऱ्या खेपेच्या आधी पाचाचं."

बाईसाहेबांस आता उमज पडला की न्हाणीघराचे दार वाऱ्याने लागू नये म्हणोन जे दोन किलोचे वजन अकस्मात अवतरले, आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर जे दुसरे बसले, ती कोठोन आली. त्यांनी विचारले की, मला कधी काट्यावर उभी केली नाहीत, मग कळलं कसं? साहेब म्हणाले की रोज सकाळी तू चहा घेऊन येतेस तेव्हा दिसतं.

मग उस्ताद पेटीजवळ बसले. कायदा तर मोडलाच होता. त्यांनी एक वजन उचलून पुन्हा ठेवले आणि म्हणाले, "साहेब, पेटी गच्च होती तोवर गप्प होती. एकेक निघालं तशी आत जागा झाली आणि राहिलेली हलायला लागली. म्हणजे वहिनी बऱ्या होत गेल्या, तसा आवाज वाढत गेला."

साहेबांनी खिशातून वही काढली आणि रकाने पाहिले. पहिली ठण आली ती पहिले वजन काढल्यापासोन दुसरे दिवशी. दोन ठण आणि घर्र, ती दुसरे काढल्यावर. आणि ज्या दिवशी आठव्या वळणावर नगारा वाजला आणि ते माघारी फिरले, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी पाचाचे वजन काढले होते आणि आनंदाने स्वतःशी शीळ घातली होती. ज्या आवाजास ते गनीम समजत होते तो बायको बरी होत असल्याचा आवाज होता, आणि त्यांनी तीन वेळा त्याच्यापुढोन पळ काढला होता. साहेब स्टुलावर बसले आणि त्यांनी चष्मा पुसला, तो बराच वेळ पुसला.

"इतकी भीती वाटत होती, तर सांगायचं नाही का?" बाईसाहेब म्हणाल्या.

"काय सांगणार? गेल्या साली तू जातेस असं वाटलं होतं मला," साहेब म्हणाले. "आता उगाच वळणावर कशाला घालवू?"

बाईसाहेबांनी डोळ्यांना पदर लावला आणि तोच पदर पुढे करोन साहेबांच्या कपाळावरचे ग्रीस पुसले. मग हुकूम फर्मावला की, पेटी घरी जाईल, तिन्ही जॅक आणि फावडे घरी जातील, आणि उद्या सकाळी सातास कूच होईल. साहेबांनी शेवटला अर्ज केला की अजून विसाचा फरक आहे. उस्तादांनी साक्ष दिली की एवढ्या अवजड गाडीस वीस किलो म्हणजे अंगावर माशी. मेव्हण्यांस कंठ फुटला, ते म्हणाले, भाऊजी, मी बसतो मागे डावीकडे. साहेबांनी त्यांस एक नजर पाहिले आणि म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर. जास्त होतात." आणि इतक्या दिवसांत प्रथमच सारी मंडळी हसली.

रविवारी सातास चौथी स्वारी निघाली. सरंजाम म्हणावा तर पाण्याची एक बाटली, दोघांचा डबा आणि बाईसाहेबांची छत्री. मागची बाजू रिकामी पाहोन साहेबांस उघड्यावर आल्यासारखे वाटत होते, आणि ते दर वळणास तोंडाने आकडा मोजीत होते. एक गेले, दोन गेले, पाच गेले. गाडी मुकाट चालली होती. साहेबांचा डावा कोपर मात्र इतका ताठ की बाईसाहेबांनी त्यास दोनदा हळूच खाली दाबला.

आठवे वळण आले आणि गाडीच्या पोटातून "कट्" ऐसा आवाज आला. पेटी घरी होती. फावडे घरी होते. हा आवाज निराळा होता, आणि वहीतल्या कोणत्याही रकान्यात बसणारा नव्हता. साहेबांचा पाय ब्रेककडे गेला. डाव्या अंगास दरी होती, आणि दरीच्या अलीकडे बाईसाहेब होत्या, नाक वर करोन वारा घेत.

"ऐकू आलं?" साहेबांनी विचारले.

"आलं."

"थांबू का?"

"तुम्ही ठरवा," बाईसाहेब म्हणाल्या, आणि त्यांनी साहेबांकडे न पाहता समोर पाहिले.

त्यासमयी साहेबांच्या मनात काय उलथापालथ जाहली ते लिहावयास आमची लेखणी अपुरी आहे. सारा घाट एका पायाच्या अंगठ्यावर येऊन उभा राहिला. मग साहेबांनी पाय ब्रेकवरोन उचलला, गियर खाली टाकला, आणि गाडी दगडमातीवरोन गुरगुरत नववे वळण चढून गेली.

माथ्यावर तळे होते. नकाशातल्या ठिपक्यापेक्षा बरेच मोठे, आणि बाईसाहेबांनी मनात धरले होते त्यापेक्षा बरेच लहान. काठाला लव्हाळी, मध्ये दोन पाणकोंबड्या, आणि पाणी ऐसे निवांत की त्यात ढग जसाच्या तसा. बाईसाहेब स्वतःच्या पायांनी उतरल्या, चपला काठावर काढल्या, आणि घोट्याइतक्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. ओंजळीत पाणी घेऊन चाखले, आणि तळ्यास सांगावे तसे म्हणाल्या, "गोडं आहे." त्यांच्या डोळ्यांस पाणी आले आणि त्यांनी ते पुसले नाही. साहेब गाडीतच होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट.

"अहो, या ना," त्यांनी हाक मारली. "गाडी कुठे पळून जात नाही."

तेव्हां साहेब उतरले, आणि गाडीखाली न वाकता, एकाही टायरास लाथ न मारता, सरळ पाण्यापर्यंत चालत गेले.

येणेप्रमाणे चौथी स्वारी फत्ते पावली. रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी तळे हस्तगत जाहले. आपल्याकडील हानी, साहेबांचा डावा कोपर अवघडला तो आणि पूर्वी पडलेली विजार एक. गनिमाकडील दहा किलोचे दोन लोखंडी सरदार कैद होऊन घरी माळ्यावर अटकेत आहेत. उस्ताद मिस्तरींस त्यांच्या कानाबद्दल आणि मेव्हण्यांस त्यांच्या शनिवारच्या मौनाबद्दल बाईसाहेबांनी स्वमुखे शाबासकी दिली. दुसरे दिवशी घाटाची वाट बंद जाहली. आठव्या वळणावर "कट्" वाजले ते काय होते, हे साहेबांस ठाऊक नाही, उस्तादांस ठाऊक नाही, आणि मेव्हण्यांस ठाऊक आहे परंतु त्यांस कोणी विचारत नाही. त्याचा शोध घेऊ नये, ऐसे साहेबांनी तळ्याकाठी, पाण्यात पाय सोडून बसले असता, आपल्या तोंडाने फर्मावले, आणि तो हुकूम आजतागायत बहाल आहे.